विमानापुरती वाट

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
ता. २० नोव्हेंबर १९७७

चि. गुरुलिंगभाऊजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. चि. सौ. रत्नम्माला आणि मुलांनाही.

तुम्ही जेऊरहून पाठवलेली सीताफळं पोचली. तुमच्या अव्वांनी एका बैठकीत अकरा खाल्ली आणि बारावं तुमच्या भावासाठी ठेवलं. ते किडकं निघालं. ते काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत, आणि हे पत्र लिहायचं कारणही तेच आहे.

शेजारच्या गुरुसिद्धप्पांनी मुलाच्या लग्नासाठी दुकानावर माडी चढवली, हे तुम्हाला मागे कळवलं होतं. माडीचा जिना आतूनच आहे. पण त्या जिन्याकडे दुकानातून वाट सोडायची तर ज्वारीची पोती कुठे ठेवायची, म्हणून त्यांनी आपल्या बोळाच्या बाजूने भिंतीत नवं दार पाडलं. दुकानाचं जोतं पडलं उंच, तेव्हा दारापासून खाली बोळात चार दगडी पायऱ्या आल्या. आम्ही दोन दिवस अक्कलकोटला गेलो होतो, परत आलो तो पायऱ्या हजर. चार हातांच्या बोळात आता पावणेदोन हात उरलाय. पलीकडून मठाची भिंत, आणि आपल्या घराला यायला दुसरी वाट नाही.

घागर घेऊन एका अंगावर होऊन जाता येतं. सायकल तुमचे भाऊ डोक्यावर घेतात. मला वाटलं, चालेल. पण अव्वांनी काठीने बोळ मोजला, घरात येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, आता माजं विमान कसं जाणार?

भाऊजी, त्यांना मरणाची भीती नाही, आडवं जायची आहे. आपल्यात गेलेलं माणूस बसवून नेतात. मामंजी गेले तेव्हा फुलांच्या विमानात ताठ बसून, चार खांद्यांवरून ह्याच बोळाने रुद्रभूमीला गेले. त्या दिवशी ते लग्नातल्यापेक्षा बरे दिसत होते, असं अव्वा अजून सांगतात. मी काय ज्वारीचं पोतं हाय का आडवं करून काढायला, असं त्या दिवसातून चार वेळा म्हणतात. त्यातलं एकदा गुरुसिद्धप्पांच्या पायरीवर उभ्या राहून.

मी तुमच्या भावाला म्हटलं, जाऊन बोला. ते गेले. अर्ध्या तासाने शेरभर शेंगदाणे घेऊन परत आले. विषयच निघाला नाही म्हणाले.

तुम्ही सरकारी माणूस. काय करायचं ते कळवा. लोभ असू द्या, आणि पुढच्या वेळी सीताफळं दोन डझन असू द्या.

तुमची वहिनी,
सावित्रम्मा


॥ श्री ॥

जेऊर
ता. २७ नोव्हेंबर १९७७

ती. सौ. वहिनींस,

बालके गुरुलिंगचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आपले पत्र मिळाले, दोनदा वाचले. अशा प्रकरणी तोंडी बोलणे ही पहिली चूक. बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले फायलीत राहते. रेल्वेच्या बुकिंगच्या खिडकीत अठरा वर्षे बसून मी एवढे शिकलो आहे.

सोबत अर्ज जोडला आहे. विषय, सामायिक बोळातील अतिक्रमण दूर करण्याबाबत. तीन प्रती आहेत. एक पालिकेत द्यावी, एकीवर पोच घ्यावी, तिसरी लोखंडी ट्रंकेत ठेवावी. अर्जात विमानाचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. त्याऐवजी, अर्जदाराच्या मातुःश्रींना भविष्यात होणारी संभाव्य अडचण, असे घातले आहे. दादाने फक्त सही करायची आहे. बोलायचे काही नाही, हे त्याला सांगावे म्हणजे तो करील.

अव्वाला माझा साष्टांग नमस्कार सांगावा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिने घाई करू नये.

आपला लोभ आहेच, तो अर्जाच्या पोचेसह कळावा.

आपला,
गुरुलिंग


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
ता. १४ डिसेंबर १९७७

चि. गुरुलिंगभाऊजी यांस अनेक आशीर्वाद.

तुमच्या अर्जाला यश आलं. आपली न्हाणी पाडावी लागली.

झालं असं. पालिकेतून एक गृहस्थ टेप घेऊन आले. फार सज्जन माणूस. त्यांनी बोळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला. पायऱ्यांपाशी थांबून वहीत काहीतरी लिहिलं, ह्यावर विचार होईल म्हणाले. मग आपल्या दारापाशी आले आणि न्हाणीच्या भिंतीला टेप लावला. ती भिंत मामंजींनी बोळात दीड वीत पुढे घेतलेली निघाली. पायऱ्यांवर विचार व्हायचा आहे, पण न्हाणीवर विचार करायची गरज नव्हती, ती नोटीस आठ दिवसांत आली. गुरुसिद्धप्पांना फार वाईट वाटलं. भिंत पाडायला त्यांनी आपले दोन हमाल दिले. सध्या मी गोणपाटाच्या आडोशाला अंघोळ करते आणि तुमची आठवण काढते.

भांडण आहे म्हणून बाकी काही थांबलंय असं समजू नका. वेळा अमावास्येला दरवर्षीप्रमाणे आपण सगळे गुरुसिद्धप्पांच्या शेतावर गेलो. त्यांच्या सौ. चंद्रव्वांनी भज्जी, उंडे, आंबील, सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. अव्वांनी आंबील तीनदा मागून घेतली. गाडीत चढताना गुरुसिद्धप्पांनीच त्यांना हाताला धरून वर घेतलं. येताना अव्वांनी त्यांना विचारलं, पायऱ्या कधी काढतूस? ते बैलांना हाकण्यात गुंतले.

अव्वांनी स्वतःच चौकशी चालवली आहे. मठातल्या स्वामींना विचारून आल्या. ते म्हणाले, शिवाला बसलेला काय आणि निजलेला काय, दोन्ही सारखेच. तेव्हापासून स्वामी भिक्षेला आले की त्यांच्या भाकरीवर शेंगाची चटणी पडत नाही. मग विमानं बांधणाऱ्या मिस्त्रीकडे गेल्या आणि रुंदी विचारली. दोन हात, म्हणाला. कोण गेलं म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाल्या, नाव मागनं कळवते.

हसू येतं खरं, पण परवा दुपारी त्या भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. चोवीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मामंजी गेले तेव्हाही नाही. मी जवळ गेले तर डोळ्यांत मिरची गेली म्हणाल्या. घरात मिरची संपून दोन दिवस झाले होते.

कळावे. लोभ असावा, अर्ज नसावेत.

तुमची वहिनी,
सावित्रम्मा


॥ श्री ॥

जेऊर
ता. २२ डिसेंबर १९७७

ती. सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार.

न्हाणीचे वाचून वाईट वाटले. कायदा कोणाची गय करत नाही, हे यातून दिसते. स्मरणपत्र पाठवत आहे.

दरम्यान मी दुसरा विचार केला आहे. अव्वाने इकडे जेऊरला येऊन राहावे. आमच्या क्वार्टरचे दार मी काल मोजले. तीन फूट चार इंच आहे, आणि बाहेर सरळ मोकळे मैदान. रत्नम्माने मोजताना पाहिले आणि कशासाठी म्हणून विचारले. मला सांगता येईना. तिच्या सासूविषयी सांगायचे म्हणून नव्हे. टेप हातात होता, आणि मी कोणाचे माप घेतो आहे हे एकाएकी माझ्या ध्यानात आले.

तिने यावे. नुसती राहायला म्हणून यावे. दार मोठे आहे एवढेच.

लोभात अंतर न पडावे.

आपला,
गुरुलिंग


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
ता. २३ जानेवारी १९७८

चि. गुरुलिंगभाऊजी यांस अनेक आशीर्वाद.

गड्ड्याच्या जत्रेची गडबड होती म्हणून पत्राला उशीर झाला. तुमचं मागचं पत्र मी अव्वांना वाचून दाखवलं. दाराचं माप ऐकून गुरू माजा गुणाचा हाय म्हणाल्या, डोळे पुसले, आणि मग म्हणाल्या की रेल्वेच्या घरातनं मी जायची न्हाय, तितं घंटी वाजल्याबिगर काय हालत न्हाय.

आता खरी बातमी. बोळ मोकळा झाला.

संक्रांतीनंतर अव्वांनी जाहीर केलं की एकदा नेऊनच बघायचं. जातंय की नाही ते डोळ्यांनी दिसलं म्हणजे जिवाला घोर नको. मिस्त्री जिवंत माणसासाठी विमान द्यायला तयार होईना, म्हणून तुमच्या भावाने हाताच्या खुर्चीला दोन कळक बांधले. खुर्ची मोजली, बोळ मोजला, जाते म्हणाले. सात रस्ता चौकातल्या दुकानात बावीस वर्षं कापड मोजणारा माणूस, मापात चुकणार नाही, असं आम्ही धरून चाललो. खांद्याला कुंभारीहून गुरम्मावन्संचे यजमान, तुमचे मेहुणे, आले. आणखी दोघं हवे होते. ते गुरुसिद्धप्पांच्या दुकानातून मागवले. त्यांनी हमाल दिले, कशाला ते विचारलं नाही.

अव्वा नवं इरकल नेसल्या, कपाळभर विभूती लावली आणि मांडी घालून खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, माळ नको. त्यांनी ऐकलं, पण मनाविरुद्ध.

तुमच्या भावाच्या मापात खुर्ची होती, कळक होते, अव्वाही होत्या. उचलणारी माणसं नव्हती. कापडाला खांदे नसतात, त्याला ते काय करणार. पायऱ्यांपाशी आल्यावर पुढचे दोन हमाल शेजारी शेजारी मावेनात. त्यांनी कळक खांद्यावरून हातात घेतले, खुर्ची खाली आली, मागच्यांनी रेटलं, आणि ती पायरीचा कोपरा आणि मठाची भिंत ह्यांच्यामध्ये जी बसली ती बसलीच. हमाल रस्त्याकडे, तुमचे भाऊ आणि मेहुणे घराकडे, मध्ये अव्वा. वर दारात गुरुसिद्धप्पांची नवी सून घागर घेऊन उभी. तिला खाली पाय ठेवायला जागा नाही.

गुरुसिद्धप्पा धावत आले. जन्म पोती काढण्यात गेलेला, त्यांना राहवेना. डावीकडं कलवा, म्होरलं उचला, असं चाललं. भांडण कुणाचं आणि खुर्ची कशाला हे ते विसरूनच गेले. शेवटी म्हणाले, जरा आडवं करा की.

बोलून गेले, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

अव्वा ओरडल्या नाहीत. खालच्या आवाजात म्हणाल्या, सिद्धू, तुजी आई दुकानाच्या म्होरल्या दारातनं बसून गेली. तिच्या कपाळाला इभूत मी लावली. तिचं डोकं कलंडत होतं, तर दारापतोर मी धरलं. आणि तू मला आडवं कर म्हणतूस?

गुरुसिद्धप्पा म्हणाले, अव्वा, खाली उतर, उद्या बघू. त्या म्हणाल्या, मला हितं बरं हाय.

आणि बसल्या. दहाच्या बसल्या, अकरा वाजले. तुमच्या भावाला दुकानात जाता येईना, गिऱ्हाईकं बोळाच्या तोंडाशी जमली, पोस्टमन तुमचं स्मरणपत्राबद्दलचं कार्ड हमालाच्या हाती देऊन गेला. चंद्रव्वांनी वरून सुनेच्या हातून ताक आणि चटणी-भाकरी पाठवली. अव्वांनी खाल्ली, चटणी जरा खारट म्हणाल्या. बाराला गुरुसिद्धप्पा स्वतः जाऊन गवंड्याला घेऊन आले. अव्वा खुर्चीतून उठल्या नाहीत, तेव्हा त्या बसलेल्या असतानाच पायऱ्या फोडायला घेतल्या. दगडाच्या कपच्या उडत होत्या, म्हणून गुरुसिद्धप्पा त्यांच्यासमोर रिकामं पोतं धरून तासभर उभे राहिले. मध्येच चंद्रव्वा हात भरून आला असेल म्हणाल्या, तर त्यांच्यावरच खेकसले.

पायऱ्यांच्या जागी आता लाकडी घडवंची आहे, सागवानी. हवी तेव्हा उचलून बाजूला ठेवता येते. मोकळ्या बोळातून अव्वांना रस्त्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. दोन्ही बाजूंना चार चार बोटं राहतात. रात्रीपर्यंत तीन घरी जाऊन त्यांनी हे सांगितलं.

तिसरी प्रत ट्रंकेतच आहे. लोभ असावा, तोही तिथेच जपून ठेवला आहे.

तुमची वहिनी,
सावित्रम्मा


॥ श्री ॥

जेऊर
ता. २८ एप्रिल १९७८

ती. सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार.

हे पत्र निजून लिहीत आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी. फलाटावरच्या घड्याळाला किल्ली देताना स्टुलावरून पडलो. डावा पाय प्लास्टरमध्ये आहे, दीड महिना हलायचे नाही. अव्वाला सांगू नये. सांगितल्यास, मी आडवा पडलो आहे हा शब्द वापरू नये.

बोळाचे ऐकल्यापासून मला हलके वाटते आहे. पालिकेकडून स्मरणपत्राला उत्तर आले, प्रकरण विचाराधीन आहे. पायऱ्या निघाल्याचे त्यांना कळवावे की काय, या विचारात आहे. उगाच त्यांचा हिरमोड व्हायचा.

प्लास्टर निघाले की पहिल्या गाडीने येतो. मला तो बोळ पाहायचा आहे. अव्वाने मला चालत जाऊन दाखवावा.

लोभ असू द्यावा, पायाला आराम पडेपर्यंत जरा जास्त.

आपला,
गुरुलिंग


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
ता. २१ मे १९७८

चि. गुरुलिंगभाऊजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. तार मिळाली असेल. तुम्हाला पायामुळे येता येणार नव्हतं हे आम्हाला ठाऊक होतं. तिथे पडून तुमच्या जिवाची काय तडफड झाली असेल, ते इथे सगळ्यांना कळतं. म्हणून काही न गाळता लिहिते.

अव्वा कुंभारीला गेल्या होत्या. गुरम्मावन्संच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्यात त्यांनीच घातलं, नाव त्यांनीच कानात सांगितलं. चौथ्या दिवशी दुपारी आमरस जेवल्या, जरा पडते म्हणाल्या. चारला वन्सं चहाला उठवायला गेल्या, तर उठल्या नाहीत. कसला त्रास नाही, कुणाला हाक नाही.

निरोप आला तसे आम्ही दोघं गेलो. तिथे सगळं ठरलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, ठेवता येणार नाही, मेहुण्यांच्या शेतातच समाधी द्यायची. तिथले स्वामीही आले होते. तुमचे भाऊ बरं म्हणाले. भाऊजी, मला तुमच्यापाशी कबूल करायचं आहे, मीही बोलले नाही. बोळ आठवत होता, अव्वा खुर्चीत बसलेल्या दिसत होत्या, पण लेकीचं घर, जमलेली माणसं, मी सून. जीभ उचलली नाही. आयुष्यभर तुमच्या भावाला नावं ठेवली, आणि वेळ आली तेव्हा मी त्यांच्यासारखीच निघाले.

तेवढ्यात ज्वारीचा टेम्पो दारात येऊन थांबला. गुरुसिद्धप्पा उतरले. अंगात दुकानातलाच सदरा, कोंडा झटकलेला नाही. आत आले, अव्वांच्या पाया पडले, आणि मेहुण्यांना म्हणाले, हितनं न्यायचं न्हाय. तिचं घर तितं हाय. हितनंच न्यायचं हुतं तर मी पायऱ्या कशाला फोडल्या?

वन्संच आधी उठल्या.

टेम्पोत अव्वांना बसवून आणलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने गुरुसिद्धप्पा. रस्ता तुम्हाला माहीत आहे, खड्डा आला की मान कलंडायची. त्यांनी पूर्ण वाटभर हाताने ती धरून ठेवली. एकदाही हात बदलला नाही.

घरी त्यांच्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसवलं. तेच इरकल नेसवलं, माळा घातल्या. मिस्त्रीने विमान आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गुरुसिद्धप्पांनी घडवंची स्वतः उचलून दुकानात नेऊन ठेवली आणि पुढच्या उजव्या खांद्याला आले. डाव्या खांद्याला तुमचे भाऊ, ते मोठ्याने रडत होते. बोळात कुणी श्वास घेत नव्हतं. अव्वा ताठ बसून गेल्या. ऊन नुकतंच भिंतीवर आलं होतं, ते त्यांच्या तोंडावर पडलं. मी मागून चालत होते. मला सगळं नीट दिसलं.

रुद्रभूमीहून परत आल्यावर माणसं पांगली. गुरुसिद्धप्पा मात्र बोळातच उभे होते. एकदा आपल्या भिंतीवरून हात फिरवला, एकदा मठाच्या. मी दारात होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, वैनी, तुमी मागं हुता, अव्वाला कुटं लागलं तर न्हाय की?

मी म्हटलं, नाही. कुठंच लागलं नाही.

पायाला जपा. लोभ आहे तसाच ठेवा, आता आम्हाला तो जास्त लागेल.

तुमची वहिनी,
सावित्रम्मा